टिळकवाडीतला तर्कदोषांचा रविवारचा क्लास: पोरांना घालाच, पण सराव वाढवा

वादात माणूस कुठं घसरतो ते ओळखायला शिकवणारा हा क्लास मी आणि माझ्या अकरावीतल्या भाच्यानं मिळून केला, आणि आपल्या बेळगावात याची लय गरज आहे.

बघा की, कुणी म्हटलं बोर्डावर कन्नडबरोबर मराठी पण असू दे, की समोरचा लगेच, म्हणजे तुम्हाला कन्नड नकोच! अहो पण असं म्हणालंय कोण? न बोललेलं तोंडात घालायचं आणि मग तेच खोडून काढायचं, हा स्ट्रॉ मॅन. पण सरांनी आपल्या बाजूला पण सोडलं नाही. सीमाप्रश्नाचा 2004 चा सुप्रीम कोर्टातला दावा एवढा का रेंगाळलाय असं आपल्याच पोरानं विचारलं तर "तू मराठीचा का त्यांचा?" असं ऐकवतात, यात प्रश्नाला उत्तर कुठंय? माणसावर घसरणं आणि दोनच पर्याय ठेवणं, दोन्ही एकदम. दोघं-चौघं चिडले, पण मला हा भाग सगळ्यात आवडला.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो" या म्हणीवर तर अर्धा तास गेला. एकातून दुसरं होणार असं म्हणताय तर मधली प्रत्येक पायरी कशी होणार ते दाखवा, नाहीतर नुसती भीती घालणं झालं, आणि पायऱ्या दाखवता आल्या तर तो दोष नाहीच. हे किती लोकांना माहिताय?

सराव पण भारी. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दात सांगायचं, तो "होय, हेच म्हणालो" म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. आपल्याकडं पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आधी मांडायची रीत होतीच की.

कमी काय? न्यायसूत्र या जुन्या तर्कग्रंथातले पाच हेत्वाभास, म्हणजे फसवी कारणं, आणि ॲरिस्टॉटलचे तर्कदोषांचे तेरा प्रकार स्लाईडवर भराभरा पळवले, कुणाच्या डोक्यात काय राहिलं नाही. आणि मेन गोष्ट राहूनच गेली: कुणी चुकीचं कारण दिलं म्हणून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. भाचा घरी येऊन आज्जीला म्हणतोय, बीपीची गोळी रोज घ्यायची हे डॉक्टर म्हणाले म्हणून खरं मानायचं हा तर्कदोष आहे! अरे, डॉक्टर त्यांच्याच विषयातलं सांगतायत, दोष तेव्हा जेव्हा क्रिकेटपटू औषध सांगतो. हे पहिल्याच रविवारी सांगायला पाहिजे, नाहीतर पोरं नुसती नावं फेकत सुटतात.

सरावाला एक तास वाढवा, फी थोडी जास्त घेतली तरी चालतंय, आणि एक बॅच खानापुरात पण काढा, तिकडची पोरं रविवारी एवढ्या लांब कशी येणार.