रायझन ५६०० + आरटीएक्स ४०६०, दीड वर्ष वापरून सांगतोय

गेमिंगसाठी पीसी जुळवला, एएमडीचा रायझन ५६०० प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारा भाग. बजेट सत्तर हजार, मॉनिटर सोडून. मॉनिटर आधीच घेतलेला, १०८० पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) आणि १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं किंवा फ्रेम दाखवणारा, भाच्याच्या हट्टामुळे. आता मशीन एक आणि खेळणारे दोन. तो व्हॅलोरंट आणि सीएस २ या झटपट नेमबाजीच्या गेमवाला, मी रात्री दहानंतर सायबरपंक नाहीतर रेड डेड २ लावून निवांत घोड्यावरून फिरणारा. आणि खरं भांडण इथूनच सुरू झालं, कारण या दोन प्रकारच्या गेमना पैसा वेगवेगळ्या ठिकाणी लागतो, त्याच्या गेमना प्रोसेसरमध्ये आणि माझ्या गेमना कार्डात.

२०२४ च्या जानेवारीत नाशकातल्या एका दुकानात पहिलं कोटेशन घेतलं तर काय, इंटेलचा आय ७ १२७०० एफ प्रोसेसर आणि सोबत जीटीएक्स १६५० कार्ड, चार जीबीवालं! "आय सेव्हन आहे सर, पाच वर्षं बघायला नको." अरे बाबा, नाकापेक्षा मोती जड. प्रोसेसरला सत्तावीस-अठ्ठावीस हजार आणि कार्डाला चौदा, म्हणजे हे मशीन एक्सेल मस्त चालवेल पण सायबरपंकमध्ये त्या १६५० चा जीव जाईल आणि आय ७ शेजारी हातावर हात ठेवून बसेल. आपल्याकडे अजून घरी पाहुणे आले की "आय फाइव्ह की आय सेव्हन" एवढंच विचारतात, कार्ड कुठलं हे कोणी विचारत नाही, दुकानदारांनाही ते बरोबर माहीत आहे.

शेवटी मी जुळवलं ते असं: कार्ड तीस हजारांच्या आसपास, प्रोसेसर बारा, बी ५५० मदरबोर्ड साडेनऊ, बाकी रॅम, एक टीबी एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. म्हणजे कार्डाला प्रोसेसरच्या अडीच पट. हा काही नियम नाही हं, फक्त माझं गणित. भाचा एकटाच खेळणारा असता आणि फक्त व्हॅलोरंट खेळणार असता तर कार्ड आरएक्स ६६०० वर भागवून वाचलेले पैसे प्रोसेसरला लावले असते.

आता ५६०० च्या पुढे लागणाऱ्या "जी" ची गोष्ट, ती जरा सविस्तर सांगतो कारण यात बरेच जण फसतात. दुसऱ्या दुकानात ५६०० मागितला तर तो म्हणे ५६०० जी घ्या, त्यात ग्राफिक्स आतच आहे, दोन-तीनशेच जास्त. ऐकायला सोनं वाटतं, एकावर एक फ्री टाइप. पण तो जी लावलेला प्रोसेसर आतून वेगळाच आहे. साध्या ५६०० ला एल ३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, जी ला १६. प्रोसेसर ते कार्ड या रस्त्याला पीसीआयई म्हणतात; साधा ५६०० त्याच्या ४.० वर चालतो, जी निम्म्या वेगाच्या ३.० वर. आणि ४०६० कार्ड वापरतं फक्त आठ लेन, त्यामुळे जी सोबत ते लावलं की रस्ता निम्मा होतो. एरवी फार कळत नाही, पण कार्डाची आठ जीबी मेमरी भरली आणि रॅममधून ये-जा सुरू झाली की मग झटके. ५५०० चंही तेच रडगाणं, तेव्हा दोन-तीन हजार स्वस्त दिसत होता पण कॅश १६ आणि पीसीआयई ३.०. जी घ्यायचा तर कार्ड पुढच्या वर्षी घेणाऱ्याने घ्यावा, आता त्याला तेच बरं. साध्या ५६०० चा तोटा एकच, आत ग्राफिक्स नाही, कार्ड आरएमएला (वॉरंटीत दुरुस्तीला) गेलं की स्क्रीन काळी.

इंटेलवाल्यांनी चिडू नये, त्यांचा आय ५ १२४०० एफ पण याच वजनाचा पैलवान आहे, जो स्वस्त मिळेल तो घ्या.

बरं, मशीन घरी आलं आणि पहिल्याच संध्याकाळी भाच्याची तक्रार, "मामा, तू एवढे पैसे घातलेस आणि व्हॅलोरंटला कार्ड निम्मंच वापरतंय, बघ." आफ्टरबर्नर (कार्ड आणि प्रोसेसर किती वापरात आहेत ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून आकडे स्क्रीनवर आणले तर खरंच, कार्ड पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर आणि प्रोसेसर पण चाळीसच दाखवतोय, म्हणजे दोघंही आरामात, मग अडतंय कुठे? तर तो चाळीसचा आकडाच फसवा आहे. प्रोसेसरच्या बारा थ्रेडची, म्हणजे एकावेळी चालणाऱ्या बारा धाग्यांची, सरासरी असते ती. गेमचा मुख्य धागा एकाच कोअरवर घाम गाळत असतो आणि बाकीचे बघे. घरी पोळ्या करताना एक जण लाटतोय, दुसरा भाजतोय, तसं धरा. प्रोसेसर लाटतो, म्हणजे कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली हे ठरवून प्रत्येक फ्रेमची ऑर्डर कार्डाकडे देतो, कार्ड भाजतं. व्हॅलोरंटच्या पोळ्या पटापट भाजून होतात, मग तवा रिकामा तापत बसतो. १४४ फ्रेम पाहिजेत म्हणजे एका फ्रेमला पुरते ७ मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. माझ्या घोडेस्वारीला ६० पुरतात, तिथे साडेसोळा मिळतात, लाटणाऱ्याला उसंत असते आणि कार्ड ९८-९९ टक्क्यांवर पळतं. तेच हवं.

पण त्या संध्याकाळी अजून एक भानगड सापडली. दुकानदाराने रॅमची सोळा जीबीची एकच काडी लावून दिलेली, मी आठ-आठच्या दोन लिहून दिल्या होत्या, आणि वर एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंद, ३२०० च्या वेगाची रॅम २६६६ वर रखडत होती. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणल्या (तोंड वाकडं केलं, पण दिल्या) आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं, तर व्हॅलोरंट आणि सीएस मध्ये फरक डोळ्यांना कळला, माझ्या सायबरपंकमध्ये जवळपास काहीच नाही. प्रोसेसर बदलायच्या आधी लोकांनी हे तपासावं, फुकटचं आहे.

कुणाला कोण अडवतोय हे बघायचं असेल तर ते ऑनलाइन बॉटलनेक कॅल्क्युलेटर वगैरे सोडून द्या, ते गेम कुठला, फ्रेम किती हव्यात हे न बघता टक्के फेकतात. गेममध्ये रेझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं, नाही वाढल्या तर प्रोसेसर. झालं.

डीएलएसएसमध्ये (चित्र आधी लहान काढून मग मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) पण हेच होतं. १०८० पी वर क्वालिटी मोड लावला की आतून चित्र ७२० पी चं काढतं, कार्डावरचं ओझं उतरतं आणि मग सायबरपंकच्या बाजारातल्या गर्दीत ५६०० धापा टाकायला लागतो. फ्रेम जनरेशनने आकडा वाढतो कारण मधली फ्रेम कार्डच बनवतं, पण माउसला जी जड जड फीलिंग असते ती तशीच राहते. घोड्यावर चालतं, नेमबाजीत नाही.

तक्रारी. आठ जीबी व्हीआरएएम (कार्डाची मेमरी) २०२३ च्या कार्डाला कमीच, नवीन गेममध्ये टेक्श्चर अल्ट्रावर नेलं की अडखळतं, हायवर ठेवतो. सोबत आलेला कूलर म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात हेअर ड्रायर चालू असल्यासारखा. कौतुक करायचं तर विजेचं, कार्डाचं टीडीपी (विजेचा अंदाजे खप) ११५ वॅट आणि प्रोसेसरचं ६५, साडेपाचशे वॅटचा सप्लाय भरपूर होतो आणि लाइट गेली तर यूपीएसवर गेम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो.

ए एम ४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) जुनं झालं म्हणून लोक नाकं मुरडतात, पण याच बोर्डावर ५७०० एक्स ३ डी प्रोसेसर बसतो, ९६ एमबी कॅशवाला, आणि भाच्याचा डोळा त्याच्यावरच आहे. माझा डोळा १४४० पी मॉनिटरवर. तिथे पिक्सेल पावणेदोन पटीच्या वर जातात, म्हणजे माझ्या गेमना सगळा भार कार्डावर आणि हाच ५६०० अजून खूप वर्षं पुरेल. दोघांचं एकमत फक्त कूलरवर झालंय, दीड हजार बाजूला काढलेत.