पहिली मॅरेथॉन आणि दुखरी नडगी: चालत-धावत पूर्ण करावी की पुढे ढकलावी?

४२.१९५ किलोमीटरच्या पहिल्या शर्यतीची तयारी रंगात आली असताना नडगी दुखू लागली, की चालत-धावत शर्यत पूर्ण करणे किंवा नाव मागे घेणे असे दोनच पर्याय उरतात. निवड दुखण्याचा प्रकार पाहून करावी. जिद्द इथे फारशी कामाची नाही. नडगीच्या आतल्या कडेने बोट फिरवताना पाच-सहा सेंटीमीटरचा पट्टा हुळहुळा लागत असेल आणि अंग तापल्यावर ठणका ओसरत असेल, तर पहिल्या पर्यायाला वाव आहे. एकाच बिंदूवर बोट टेकताच कळ उठत असेल किंवा रात्रीही दुखत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घेऊन धावणे त्याच दिवशी थांबवावे. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये मात्र दिसतो.

चालत-धावत जायचे असल्यास, उदाहरणार्थ चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे, हे चक्र पहिल्या किलोमीटरपासूनच पाळावे. दुखल्यावर चालू असे म्हणणारा हमखास उशीर करतो. वेदनाशामक गोळीने दुखणे झाकले जाते आणि लांबच्या शर्यतीत मूत्रपिंडांवर ताणही येतो.

माघार मनाला लागते, हे खरे. तरीही कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात धावल्यास हाडावर आघात न होता दमसास बराचसा टिकतो. नडगीबाबत जराही संदिग्धता असल्यास मी पुढे ढकलण्याच्याच बाजूने आहे, कारण तड्यावर धावत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते.