आंधीसाठी खिडकीच्या पट्ट्या: फोम, रबर की वूलपाइल?

सातारा-सांगलीकडची फौजेतली बरीच माणसं कधी ना कधी जैसलमेर, बिकानेरला पोस्टिंगवर जातात. मे महिन्यात तिकडून फोन आला की एक तक्रार ठरलेली: खिडक्या बंद होत्या, तरी गादीवर धूळ. इकडून लगेच एअर प्युरिफायरचा सल्ला जातो. फटी उघड्या ठेवून घेतलेला प्युरिफायर म्हणजे बुडाला भोक असलेली घागर. आधी खिडकीच्या फटी बुजवणाऱ्या पट्ट्या बघा. सांगली-मिरजेत अॅल्युमिनियम सेक्शनचं, म्हणजे खिडकीच्या चौकटीच्या साच्याच्या पट्ट्यांचं, सामान विकणाऱ्या दुकानांत त्या मीटरवर किंवा रोलवर मिळतात आणि सुट्टीवर आलेल्याच्या बॅगेत सहज मावतात.

राजस्थानात एप्रिल ते जूनमधल्या बऱ्याचशा आंध्या, म्हणजे धुळीची वादळं, आणि आपल्याकडे म्हसवड, आटपाडी, जत पट्ट्यात वळवाच्या आधी उठणारं वावधान, यांचं मूळ एकच. ढगातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरते आणि सुकी माती उचलते. फरक मातीचा आणि आवाक्याचा. म्हणून हे परीक्षण जतच्या घरालाही लागू आहे.

मच्छरजाळीवर विसंबू नका. तिचं भोक मिलिमीटरभराचं असतं आणि घरात शिरणारे बहुतेक कण त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक.

फोमची चिकटपट्टी सगळ्यात स्वस्त, आणि तेवढ्याच लायकीची. स्पंज दाबून दाबून चपटा होतो, उन्हाने त्याचा भुगा पडतो आणि तोच भुगा ट्रॅकमध्ये जातो. पश्चिमेच्या खिडकीवर तर गोंदच आधी सुटतो. भाड्याच्या क्वार्टरमध्ये एक उन्हाळा काढायचा असेल, तरच घ्या.

ईपीडीएम या कृत्रिम रबराची पट्टी ऊन चांगलं सोसते. बिजागरीच्या लाकडी किंवा लोखंडी खिडकीला हीच घ्यावी. हिचे आकार अक्षरांवरून ओळखतात: साधारण 3 मिलिमीटरपर्यंतच्या फटीला ई, 2 ते 5 ला पी, त्याहून मोठीला डी. फट कळत नसेल तर मळलेल्या कणकेचा गोळा चौकटीवर ठेवून पल्ला बंद करा, उघडा आणि चेपलेल्या कणकेची जाडी मोजा. चिकटवण्याआधी चौकट स्पिरिटने पुसा, थिनरने नको, रंग निघतो. मात्र स्लायडिंग खिडकीला ही पट्टी लावू नका. पल्ला सरकला की ती गुंडाळून बाहेर येते.

स्लायडिंगला वूलपाइल, म्हणजे सेक्शनच्या खाचेत सरकवायची केसाळ पट्टी. खरा निकाल इथे लागतो आणि घोळही इथेच होतो, कारण दुकानात ‘खिडकीची ब्रशपट्टी द्या’ म्हटलं की समोर असेल तो रोल कापून मिळतो. मापं दोन लागतात. पहिलं खाचेचं, ज्यात पट्टीची पाठ बसते. ते बहुधा 5 ते 7 मिलिमीटरच्या दरम्यान असतं. दुसरं केसांच्या उंचीचं. ते फटीपेक्षा एक-दीड मिलिमीटर जास्त हवं. उंची कमी पडली तर रात्री बाहेरून टॉर्च मारल्यावर आत उजेडाची रेघ दिसते. जास्त झाली तर पल्ला जड सरकतो, लॉक लागत नाही आणि पुढे बेअरिंग झिजतं. जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा नमुना म्हणून न्यावा, पण केसांची उंची त्याच्यावरून ठरवू नये, ते चेपलेले असतात. केसांच्या मधोमध प्लास्टिकचं पातळ पातं असलेला प्रकार मिळाला तर थोडे जास्त पैसे मोजून तोच घ्या. नुसत्या केसांतून बारीक धूळ गाळून आत येते, पात्याला ती अडते.

चार बाय चारच्या दोन पल्ल्यांच्या खिडकीला साधारण 40 फूट पट्टी धरा. प्रत्येक पल्ल्याला वर-खाली दोन्ही अंगांनी 8 फूट, हँडलच्या बाजूला दोन्ही अंगांनी 8, इंटरलॉकला, म्हणजे पल्ले एकमेकांत अडकतात त्या उभ्या कडेला, 4. सेक्शननुसार खाचा कमी-जास्त असतात, तेव्हा पल्ला काढून मोजलेलं बरं.

पल्ला वर उचलून खालचं टोक आत ओढलं की निघतो. ट्रॅक आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. उलट केलं तर कोपऱ्यांत चिखल बसतो. पट्टी सरकवताना ताणायची नाही. ताणलेली पट्टी महिनाभरात आखडते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. दोन्ही टोकांना पाठीवर गोंदाचा एकेक थेंब पुरे, केसांना लागू देऊ नका. ट्रॅकला तेल तर अजिबात नको, धुळीची पेस्ट होते. सुकणारा सिलिकॉन स्प्रे चालतो.

एवढं करूनही खिडकीच्या कट्ट्यावर बरोबर मधोमध धुळीची छोटी ढिगुळी दिसली, तर दोष पट्टीचा नाही. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात, तिथे वर आणि खाली ट्रॅकमध्ये एक चौकोनी पोकळी राहते. ती बुजवायला वेगळा तुकडा, डस्ट ब्लॉक, मिळतो, खिडकीला दोन लागतात. बहुतेक फिटर तो स्वतःहून सांगत नाहीत. मागून घ्यावा.

बाहेरच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं असतात. वाऱ्याच्या दाबाने तिथूनही धूळ येते, म्हणून काही जण ती सिलिकॉनने कायमची बुजवतात. जैसलमेरला ते एखादवेळ खपेल. साताऱ्याच्या पावसात पाणी थेट घरात येईल. झडप असलेली टोपी लावा, नाहीतर आंधीपुरता टेप.

दाराखाली अॅल्युमिनियमच्या पट्टीतला स्क्रूचा ब्रश बरा. शहाबादी फरशी वर-खाली असते, तिथे रेक्झिनचा फोमवाला गार्ड एका कोपऱ्यात अडतो आणि दुसऱ्यात उचलला जातो.

पट्ट्या कितीही चांगल्या असल्या तरी आंधीत कूलर आणि एक्झॉस्ट बंदच हवेत. कूलर बाहेरची धुळकट हवा आत ढकलतो, वर पॅडवर चिखल बसतो. एक्झॉस्ट आतली हवा खेचतो आणि प्रत्येक फटीतून बाहेरची ओढून घेतो. स्प्लिट एसी चालेल, तो खोलीतलीच हवा फिरवतो.

पैसे मोजकेच असतील तर वाऱ्याच्या अंगाच्या, बहुधा पश्चिमेच्या खिडक्या आधी. हे सगळं झाल्यावर प्युरिफायर घ्या. 12 बाय 12 च्या, 10 फूट उंच खोलीला तासाला 200 घनमीटर हवा गाळणारा. तेवढ्यात खोलीतली हवा तासात पाच वेळा गाळली जाते. कट्ट्यावर बसलेली धूळ मात्र ओल्या फडक्यानेच काढायची.