नाट्यचर्चेचं सभासदत्व: दहा महिन्यांचा अनुभव (आणि कूलर)

परवा मंडळाचा मेसेज आला. पुढच्या वर्षाची वर्गणी जोडप्याला ३,६०० रुपये. मागच्या ऑगस्टात आम्ही ३,००० भरले, त्यातलं सहावं नाटक अजून व्हायचंय, आणि यांनी ६०० वाढवलेसुद्धा. जळगावातल्या बऱ्याच जणांनी मला विचारलंय की घ्यावं का सभासदत्व, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

योजना तुम्हाला माहीत असेलच. एका रविवारी जुन्या नाटकाचं वाचन आणि चर्चा, पुढच्या रविवारी त्याचा प्रयोग, पडदा पडला की तिथेच पुन्हा तासभर चर्चा. वर्षाला सहा नाटकं. सगळं शाळेच्या हॉलमध्ये. चहा एकदा, तोही कागदी कपात, दोन घोट.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. साहित्याशी संबंध दहावीच्या कुमारभारतीपुरता. बायकोला आवड म्हणून घेतलं. हिशेब सोपा होता: सहा नाटकं, दोघं, म्हणजे २५० रुपयांना एक खुर्ची. मुंबईचं नाटक गावात येतं तेव्हा मागची रांगसुद्धा त्यात बसत नाही.

ऑगस्टात 'शारदा'. देवलांचं, १८९९चं. मला वाटलं, म्हाताऱ्याला कोवळी बायको हवी, त्यात आता बोलायचं काय उरलंय? चर्चेत एका काकांनी ठासून सांगितलं की नाटक एवढं गाजलं की सरकारने त्याच नावाने शारदा कायदा केला. चर्चा चालवणाऱ्या सरांनी हळूच दुरुस्त केलं. १९२९च्या त्या कायद्याचं नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं, विधेयक त्यांनी आणलं होतं, नाटकाशी नावाचा संबंध नाही. मुलीचं वय त्यात १४ ठरवलं होतं. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, माझं पंधराव्या वर्षी झालं, म्हणजे मी कायदेशीरच. हॉल हसला. आजी हसल्या नाहीत.

खरी चर्चा त्यानंतर उसळली, धरणगावकडच्या एका शेतकऱ्यामुळे. त्याचं म्हणणं, भद्रेश्वर दीक्षित, म्हणजे नाटकातला लग्न जुळवणारा दलाल, मेला नाहीये, त्याने फक्त मोबाईल घेतलाय. आमच्या भागात पस्तिशीची पोरं बिनलग्नाची, दहा-पंधरा एकर केळी असूनही. दलाल येतो, लांबची मुलगी दाखवतो, दोन-अडीच लाख घेतो. लग्न लागतं आणि आठवड्यात नवरी दागिन्यांसकट पसार. तो म्हणाला, "देवलांच्या वेळी पोरीचा सौदा व्हायचा, आता पोराच्या बापाचा होतो." तिथे मला पहिल्यांदा वाटलं, पैसे वाया नाही गेले.

ऑक्टोबरात 'संशयकल्लोळ'. फाल्गुनराव, तसबीर, गैरसमज. प्रयोग झकास, गाणी बरी. चर्चेत ज्याने त्याने बायको मोबाईल तपासते हाच विनोद केला, एकूण पाच वेळा मोजला मी. देवलांनी आधी १८९३मध्ये हे गद्य लिहिलं होतं आणि गाणी घालून १९१६मध्ये आलं, एवढीच एक नवी गोष्ट हाती लागली. तीसुद्धा अर्धीच ऐकू आली, कारण त्या दिवशी कूलरशी माझी पहिली भेट झाली.

आता कूलरबद्दल. ऑक्टोबर हीटमुळे त्यांनी खिडकीतला लोखंडी पत्र्याचा जुना कूलर लावला. दोन मिनिटांत मी चर्चा सोडून त्याचंच ऐकायला लागलो. धंद्याची सवय आहे, इलाज नाही. मोटारीचे आवाज वेगवेगळे असतात. कंडेन्सर उतरला की मोटार नुसती हुंकारते, जोर येत नाही. बुश, म्हणजे मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, गेला की घरघर. आणि पातं हललं की एका फेरीला एकदा, ठरल्या ठेक्यात, 'टक' होतं. या कूलरला दोन आजार होते, घरघर आणि टक. रेवती म्हणे अश्विनशेठला काहीतरी सुनावत होती. मला ऐकू आलं टक.

डिसेंबरात थंडी, कूलर बंद. नाटक 'शांतता! कोर्ट चालू आहे'. हे या वर्षातलं सगळ्यात वरचं. तेंडुलकरांचं, १९६७चं. वाचनात सरांनी एकच काम सांगितलं, प्रत्येकाने एक पात्र धरून नाटक ऐकायचं. माझ्या वाट्याला सामंत आला. बाकीची मंडळी शहरातून अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला आलेली, खटला चक्क अमेरिकेच्या अध्यक्षांवर. तालीम म्हणून त्यांच्यातल्याच बेणारेबाईला गमतीत आरोपी करतात. सामंत मात्र त्या गावचा साधा माणूस. जागा दाखवायला आलेला, माणूस कमी पडला म्हणून साक्षीदार बनवलेला. त्याने खिशातली कादंबरी काढून त्यातलंच वाक्य साक्ष म्हणून ठोकून दिलं. ते बेणारेबाईच्या आयुष्याला नेमकं जाऊन लागलं आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

प्रयोग हौशी मुलांनी केला. काशीकर झालेला मुलगा कानकोरणी घेऊन इतका शांतपणे कान कोरत होता की मला किळस आली. बाई कोसळतेय, सगळे तिच्यावर तुटून पडलेत आणि न्यायाधीश कान कोरतोय. शेवटी सामंत पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट तिच्याशेजारी ठेवून निघून जातो. आमच्या मुलांनी तो पोपट खरंच कापडाचाच केला होता, शिवण उसवलेली, चोचीतून कापूस दिसत होता.

चर्चेत मी उठून म्हणालो की सामंताला दोष नाही, तो भाबडा आहे. त्यावर एक कॉलेजची मुलगी म्हणाली, काका, भाबडा माणूसही साक्ष देतोच ना. मी बसलो. घरी येईपर्यंत दुसरं काही डोक्यात नव्हतं. दुकानात कधी कोण्या गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टी आपण ऐकतो, पुढे सांगतो, तेही आठवलं.

फेब्रुवारीत 'घाशीराम कोतवाल'. म्हणजे ठरलं होतं. आठ दिवस आधी निरोप की प्रयोग होणार नाही, माणसं जमत नाहीत. नाटकात माणसांची भिंत उभी राहते हे ते ठरवताना माहीत नव्हतं का? १९७२पासून जगाला माहीत आहे. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "चर्चा दुप्पट वेळ घेऊ." म्हणजे हॉटेलात भाजी संपली म्हणून पाणी दोन ग्लास. खुर्चीचा भाव माझ्या हिशेबात तिथे २५०वरून ३००वर गेला आणि याच रागात मी या अनुभवाचा पहिला मसुदा लिहिला होता. त्यात पाचपैकी दोन तारे होते.

मात्र त्या दिवशी एक घडलं ते मसुद्यात लिहायला मी विसरलो होतो, बायकोने आठवण करून दिली. प्रयोग नाही म्हणून त्यांनी वही, म्हणजे आमच्या खानदेशातली डफावरची लोकगाणी, गाणारे एक म्हातारे बाबा बोलावले होते. चर्चा सुरू व्हायच्या आधी बाबा हॉलच्या मागे मैदानात बसून रद्दी पेटवून डफ शेकत होते. शेकायचे, बोटाने वाजवायचे, मान हलवायचे, पुन्हा शेकायचे. दहा मिनिटं. कातडं ताणल्याशिवाय आवाज येत नाही, घाई नाही. मग आत येऊन त्यांनी गण गायला आणि सरांनी त्यालाच जोडून दाखवलं की घाशीरामाची सुरुवात गणपतीच्या नाचाने का होते, लोककलेतला गण तेंडुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी कसा वळवून घेतला. तो डफ मला अजून ऐकू येतो. एक तारा वाढवला. तीन.

एप्रिलात 'एकच प्याला'. पारा ४४. कूलरशिवाय बसणं अशक्य आणि कूलर लावला की गडकरी गायब.

मंडळी, काय तमाशा झाला सांगतो. सर सांगताहेत की गडकरी जानेवारी १९१९मध्ये वारले, नाटक पुढच्या महिन्यात रंगमंचावर आलं, त्यांनी ते पाहिलंच नाही, आणि पदं गुर्जरांनी लिहिली. टक. बालगंधर्वांनी सिंधू, म्हणजे दारुड्या सुधाकराची सोसणारी बायको, केली, लहानपणी ते आपल्या जळगावात गाणं शिकत होते. टक. कोणीतरी ओरडलं, कूलर बंद करा. बंद केला. पाच मिनिटांत दुसरं कोणी ओरडलं, जीव जातोय, लावा. लावला. असं तीनदा. शेवटी हात वर करून मतदान! २६ विरुद्ध १९, कूलर जिंकला आणि तळीरामाचं आर्यमदिरा मंडळ आम्ही ओठांच्या हालचालीवरून समजून घेतलं.

मी त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं. मंडळाचं उत्तर: कूलर शाळेचा आहे. शाळेत गेलो, शिपाई म्हणाला, वापरतं मंडळ, दुरुस्त त्यांनी करावा. दुकानदाराकडे बिल घेऊन जा म्हणाले, बिल कोणाकडे? कुणाकडेच नाही. चार दिवस हेच. माझा हा विहिरींच्या मोटारींचा सीझन, दुकानात जळालेल्या सबमर्सिबल रांगेत पडलेल्या आणि मी कूलरच्या मालकीचा खटला लढतोय. सुधाकराची वकिलीची सनद गेली तेव्हा तो प्यायला लागला, मी पाना घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेत जाऊन मागची जाळी काढली. आत काय होतं? पात्याचा स्क्रू ढिला, म्हणून कोणीतरी पातं सुतळीने बांधलं होतं. सुतळी! गाठही नीट नव्हती, तीच बॉडीवर आपटून टक करत होती. बुश कोरडा खडखडीत. मोटारीखालचा रबर झिजून कागद झालेला. बुश बदलला, नवा रबर टाकला, स्क्रू बसवला, गवताची पॅडं झटकली. सामान १४० रुपये, मजुरी धरलेली नाही.

रविवारी प्रयोगानंतरची चर्चा त्याच हॉलमध्ये, कूलर चालू, आणि नुसती हवेची सळसळ. लोक मान वळवून बघत होते की चालू आहे ना. मला तेवढ्यात सगळे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. मग कळलं, सगळं ऐकू येण्याचाही तोटा असतो. एका गृहस्थांनी आपण कुठे कुठे कोणाकोणाचा सुधाकर पाहिला हे वीस मिनिटं सांगितलं. इतके महिने ते काय बोलतात हे मला कळलंच नव्हतं आणि काही बिघडलंही नव्हतं.

पण त्यानंतर माझी बायको उभी राहिली. इतक्या महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती. मला वाटायचं, लाजते. तिने माईक घेतला नाही. एक ताई आडव्या बाटलीच्या मतदानाबद्दल बोलत होत्या, गावात अर्ध्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं, असं. पुरुष मंडळी सिंधूच्या त्यागाने गहिवरलेली. ही म्हणाली, "बाई सोसत बसनी म्हणीसन तो पीत बसना." एवढंच. अहिराणीत. म्हणजे, बाई सोसत बसली म्हणून तो पीत बसला. मग मराठीत म्हणाली की सिंधूला कोणी तिचं काय चुकलं ते विचारत नाही, सगळे तिला देवी म्हणतात, कारण देवी म्हटलं की काही करावं लागत नाही. आणि बसली. समोरच्या रांगेतल्या दोन बाया मागे वळून तिच्याकडे बघतच राहिल्या.

घरी विचारलं, आधी का नाही बोललीस? म्हणाली, त्या आवाजात ओरडून बोलावं लागलं असतं आणि मला ओरडायचं नव्हतं.

तर घ्यावं का? नाटक पाहून घरी जायचं असेल तर नका घेऊ, तिकीट काढा. आधी वाचून, मग पाहून, मग भांडून नाटक कळतं असं वाटत असेल तर घ्या, पण प्रयोग रद्द झाला तर काय हे लेखी मागा. चहा घरून प्या. जूनमध्ये 'नटसम्राट' आहे, पाऊस आला तर कूलर लागायचा नाही. माझे साडेतीन तारे, सहावं नाटक झालं तर चार.

३,६०० मी अजून भरलेले नाहीत. १४० वजा करून ३,४६० घ्या असं खजिनदारांना कळवलंय. विषय कार्यकारिणीपुढे ठेवतो म्हणाले. बुश आणि रबराची पावती मी जपून ठेवली आहे.