ट्रान्सफर डिसेंबरात घ्यायची की जूनपर्यंत थांबायचं?

पहिलं वर्ष सुरू झालंय, कॉलेजात अजिबात मन लागत नाहीये आणि ट्रान्सफर घ्यायची हे जवळपास ठरलंय, अशा मुलामुलींसाठी लिहितोय. प्रश्न एवढाच की पहिलं सेमिस्टर संपलं की लगेच सुटायचं, की वर्ष पूर्ण करून जूनमध्ये जायचं. मी जूनमध्ये गेलो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून येऊन पणजीला रूम घेऊन शिकत होतो, आता घराजवळच्या कॉलेजात आहे. त्यामुळे माझा कल कुठे ते कळेलच, पण डिसेंबरवाल्यांचं म्हणणंही चुकीचं नाहीये.

डिसेंबरच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्रास लवकर थांबतो. ज्याला रोज सकाळी कॉलेजात जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो त्याला "अजून एकच सेमिस्टर" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ते काढायचं त्याचं त्यालाच असतं. माझ्या वर्गातली एक मुलगी डिसेंबरातच फोंड्याच्या बाजूला गेली आणि तिला ते मानवलं, नवीन कॉलेजातले सर-मॅडम वर्ष संपायच्या आत तिला नावाने ओळखायला लागले.

फक्त एक करा, चवथीवरून, म्हणजे गणेशचतुर्थीला घरी जाऊन, परत आल्या आल्या ठरवू नका. घरी गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी, घुमटावरच्या आरत्या, नेवऱ्या, घर माणसांनी भरलेलं, आणि तिथून उठून पावसात कदंबा बस पकडून रूमवर यायचं, कुलूप काढलं की आत सगळा दमट वास, दोरीवरचे कपडे अजून ओलेच. त्या आठवड्यात कुठलंही कॉलेज वाईटच वाटणार. मी त्याच आठवड्यात बाबांना फोन केला होता, ते म्हणाले परीक्षा होऊ दे, मग बघू.

परीक्षा झाल्यावर मी ज्या कॉलेजात जायचं होतं तिथे चौकशीला गेलो आणि माझा निर्णय खरं तर तिथल्या ऑफिसातच झाला. क्लार्क मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी त्यांचं हँडबुक आणि माझं हँडबुक शेजारी शेजारी ठेवलं आणि पेन्सिलने एकेका विषयापुढे खूण करत गेल्या. मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, पेपर जुळले, विद्यापीठ एकच असल्यामुळे तिथे अडचण नव्हती. पण बाकीचे! पर्यावरणाचा पेपर आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरला झालेला, त्यांच्याकडे दुसऱ्याला. त्यांच्या मुलांनी पहिल्या सेमिस्टरला जो स्किलचा कोर्स केला होता तो आमच्याकडे अजून यायचा होता. म्हणजे मध्येच गेलो तर एक विषय परत बसून ऐकायचा आणि दुसरा राहून गेलेला, तो पुढे कधीतरी टाईमटेबलच्या फटीत बसवायचा. आणि मी घेतलेला मायनर, म्हणजे जोडविषय, त्यांच्याकडे नव्हताच. मॅडम म्हणाल्या, "वर्ष पुरं करून ये बाबा, मग दोन्हीकडची क्रेडिट्स सारखी होतात." तेव्हाच ठरलं. दुसऱ्या कोणाला हे एवढं मोठं वाटणार नाही कदाचित, पण आधीच मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाला नव्या जागी बॅकलॉग घेऊन जायचं म्हणजे मला नको वाटलं. मायनरचा प्रश्न जूनमध्येही होताच, पण तेव्हा तो जूनचा सगळ्यांचाच गोंधळ असतो, तुम्ही एकटे वेगळे पडत नाही.

आणि मडगावच्या चौगुलेसारख्या स्वायत्त कॉलेजात जायचं असेल किंवा तिथून निघायचं असेल तर सिलॅबस त्यांचा स्वतःचा असतो, तेव्हा हे जुळवणं आणखी नीट बघा.

थांबण्याच्या बाजूने अजून एक म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणात वर्ष पूर्ण केलं की हातात काहीतरी राहतं. चाळीस क्रेडिट्स आणि उन्हाळ्यातला चार क्रेडिट्सचा व्होकेशनल कोर्स केला तर यूजी सर्टिफिकेट मिळतं, आणि परत यायचं तर 3 वर्षांच्या आत येता येतं. यूजीसीच्या आराखड्यात मेजर बदलायची सोयही दुसऱ्या सेमिस्टरनंतरच आहे. कॉलेज नाही, विषयच नकोसा झालाय असं असेल तर जूनच बरा.

फीचं म्हणाल तर ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की यूजीसीच्या नियमाप्रमाणे परत काही मिळत नाही, म्हणजे डिसेंबरात ते पैसे गेलेलेच. रूमचं ॲग्रीमेंट बहुतेक अकरा महिन्यांचं असतं, मध्येच सोडलं तर डिपॉझिटवरून मालकाशी बोलणी आली.

पण रॅगिंग होत असेल, कोणाची भीती वाटत असेल, झोप-जेवण उडालं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि डिसेंबरचीही वाट बघू नका. रॅगिंगसाठी 1800-180-5522 ही हेल्पलाइन आहे, मनाचा त्रास असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416. क्रेडिट्स नंतर जुळवता येतात, घरच्यांना आजच सांगा.

बाकीच्यांनी जून धरायचा असेल तर दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेआधीच नव्या कॉलेजात एक फेरी मारा. दोन्ही हँडबुकं न्या, सेकंड इयरला तुमच्या मेजरच्या प्रॅक्टिकल बॅचमध्ये जागा होणार का ते विचारा आणि दोन्हीकडच्या एनओसीसाठी काय काय कागद लागतात ते तिथेच लिहून घ्या. विद्यापीठच बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी वेगळा वेळ धरा, ते ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातून आणायचंय, आणि जूनमध्ये तिथे गर्दी असते.