बागेच्या नोंदी: वही की भिंतीवरचं कॅलेंडर?

गच्चीवर मोजक्याच कुंड्या असल्या तरी कामांची आठवण राहायला काहीतरी लागतंच. भिंतीवरचं कॅलेंडर यात पक्कं. ७-८ जूनच्या चौकटीत मृग लागल्याचं छापलेलंच असतं. तिथेच ‘भेंडी, दोडका, काकडी’ लिहून टाकायचं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी, मग मेथी-पालक, जानेवारीअखेर मोगरा. येता-जाता नजर पडते आणि काम चुकत नाही.

पण चौकटीत मावतं ते फक्त काय करायचं. काय झालं, हे लिहायला वहीच हवी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला, तर वहीत असं येतं: कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस, खोडावर मुंग्यांची रांग, शेंडे खुडले, लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारलं, आठवड्याने पुन्हा. पुढच्या उन्हाळ्यात हे पान वाचलेलं असलं, की मुंग्या दिसताच आपण झाडाची पानं उलटून बघतो. उन्हाचंही तसंच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्या बाजूच्या कठड्याची सावली लांबते आणि तिथल्या शेवंतीला ऊन कमी पडतं. कुंडी कधी हलवली, फरक किती पडला, हे वहीच सांगते.

रोज लिहायची गरज नाही. आठवड्याला चार ओळी पुरतात. कॅलेंडर मात्र वर्षअखेर रद्दीत जातं. एकच निवडायचं तर मी वहीच घेईन.