स्नोमोबाइलचा क्लच: वेट बदलायचं, स्प्रिंग की हेलिक्स?

स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीच्या, क्लचच्या प्रत्येक सुट्या भागाची जाहिरात एकच गोष्ट सांगते: जास्त ओढ, जास्त वेग. त्यामुळे क्लचला पहिल्यांदा हात घालणारा गोंधळतो. प्रायमरीतली (इंजिनाकडच्या क्लचमधली) वेट्स म्हणजे वजनं बदलावीत, तिथली स्प्रिंग बदलावी, सेकंडरीचं (मागच्या क्लचचं) हेलिक्स घ्यावं, की सगळं एकत्र असलेलं किट घेऊन मोकळं व्हावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी मुख्यतः ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या आखलेल्या वाटेवर, चालणार असेल तर आधी वेट्स बदलून आरपीएम जागेवर आणा, मग उरलेला खर्च सेकंडरीवर करा. प्रायमरीची स्प्रिंग बदलायची गरज बहुतेकांना पडतच नाही. आणि किटची पाळी शेवटी.

ज्यांनी गिअरलेस स्कूटरचा व्हेरिएटर उघडलेला पाहिलाय त्यांना ही रचना नवी नाही. क्रँकशाफ्टवर प्रायमरी क्लच. त्यातली वेट्स फिरता फिरता बाहेर फेकली जातात आणि चकती आत ढकलतात; स्प्रिंग त्यांना मागे रेटते. दुसऱ्या टोकाला सेकंडरी, तिथे स्प्रिंग आणि हेलिक्स (तिरका उतार असलेला भाग) मिळून दोन्ही क्लचना जोडणारा बेल्ट आवळून धरतात. दोन्ही बाजूंच्या या रस्सीखेचीतून बेल्ट प्रायमरीवर किती वर चढायचा ते ठरतं. क्लच ट्यून करणं म्हणजे ही रस्सीखेच अशी बसवणं, की फुल थ्रॉटलवर वेग वाढत गेला तरी इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमवर ठाण मांडून राहील. मोठ्या टू-स्ट्रोक गाड्यांत हा आकडा साधारण 8,000 च्या आसपास असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा, मित्राच्या गाडीवरून ठरवायचा नाही.

टू-स्ट्रोकला हा आकडा काटेकोर लागतो. एक्झॉस्ट पाइप ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच साथ देतो, त्यामुळे दोन-तीनशे आरपीएम इकडेतिकडे झाले की सीटवर बसल्याबसल्या कळतं. शिवाय पाइप गार असताना हा पट्टा थोडा खाली असतो, तापला की वर सरकतो. म्हणून गाडी काढल्याकाढल्या घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. फोर-स्ट्रोक, त्यातही टर्बो, या बाबतीत बरीच समजूतदार. तिथे थोडी चूक खपून जाते.

नवं काही घेण्याआधी

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार क्लचच्या बाबतीत फार होतो. गाडी ओढत नाही म्हणून नवी स्प्रिंग येते, आणि खरं दुखणं असतं झिजलेला बेल्ट. बेल्ट अरुंद झाला की तो सेकंडरीत खोल बसतो आणि गाडी सुरुवातीलाच चुकीच्या गुणोत्तरावर उठते. उभ्या गाडीत बेल्टची वरची कड सेकंडरीच्या चकत्यांच्या कडेला लागून किंवा किंचित वर दिसायला हवी. आत बुडालेली दिसली तर आधी ती जुळवणी करा. मग दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का ते बघा. चकत्यांवरची काळी, चकचकीत झिलई घासणीने काढून अल्कोहोलने पुसून घ्या. प्रायमरीतले बुश आणि रोलर ढिले झालेत का, वेट्सच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर खाच पडलीय का, हेही तेव्हाच दिसतं. या कामाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि बऱ्याच गाड्यांना यापुढे काही लागतही नाही.

नवा बेल्ट टाकला असेल तर पहिले 50 किलोमीटर सबुरीने चालवा, फुल थ्रॉटलच्या चाचण्या नंतर. दुसऱ्या कंपनीचा बेल्ट लावला तरी आरपीएम बदलू शकतो, कारण लांबी, रुंदी आणि रबराचा कडकपणा सारखा नसतो.

वेट्स आणि प्रायमरी स्प्रिंग

या दोघांची तुलना अनेकदा एकाच तराजूत होते, पण कामं वेगळी आहेत. वेट जड केलं की फुल थ्रॉटलचा आरपीएम उतरतो, हलकं केलं की चढतो. ढोबळमानाने एक ग्रॅमला शंभरच्या आसपास आरपीएम धरा, पुढचं गाडीच सांगेल. इंजिन ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊन नुसतं किंचाळत असेल तर वेट वाढवा, खालीच अडखळत असेल तर कमी करा. याहून सोपा आणि स्वस्त बदल क्लचमध्ये नाही. काही वेट्सना रिव्हेट किंवा स्क्रू बसवायला भोकं असतात, म्हणजे वजन कुठे टाकायचं तेही ठरवता येतं. टाचेकडचं वजन सुरुवातीच्या ओढीवर जास्त परिणाम करतं, टोकाकडचं वरच्या वेगावर. स्की-डू या ब्रँडच्या टीआरए नावाच्या क्लचमध्ये तर वेट न काढता क्लिकर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारा स्क्रू, फिरवून काम भागतं. एका क्लिकला साधारण 200 आरपीएमचा फरक पडतो.

स्प्रिंगवर दोन आकडे असतात, समजा 140/330. पहिला आकडा बेल्ट पकडण्याच्या क्षणीचा दाब, दुसरा क्लच पूर्ण मिटल्यावरचा, म्हणजे चकत्या पूर्ण जवळ आल्यावरचा, दोन्ही पौंडांत. पहिला वाढवला की गाडी जास्त आरपीएमवर उठते, दुसरा वाढवला की वरच्या वेगातला आरपीएम चढतो. स्प्रिंग बदलणाऱ्यांचा डोळा बहुतेकदा पहिल्या आकड्यावर असतो. झटक्यात उठणारी गाडी छान वाटते, आणि गोठलेल्या तळ्यावर शर्यत लावायची असेल तर ते ठीकही आहे. पण ट्रेलवर दर थांब्यानंतर हळू सरकायचं असतं, पुढच्या गाडीमागे रांगत जायचं असतं. तिथे उंच आरपीएमवर पकडणारा क्लच दर वेळी धक्का देतो आणि बेल्ट तापवतो. 3,000 ते 4,000 च्या दरम्यान मऊ पकड मिळत असेल तर ट्रेलवाल्याने ती सोडू नये.

तेव्हा दोघांतून निवडायचं तर वेट. स्प्रिंग बदलण्याची खरी कारणं दोनच: जुनी बसून गेलीय, किंवा सुरुवातीला आरपीएम बरोबर असून वर जाताना सारखा घसरतोय किंवा चढतोय. दुसऱ्या बाबतीत नवीन स्प्रिंगचा पहिला आकडा तोच ठेवा, फक्त दुसरा बदला.

सेकंडरी: ट्रेलचा खरा खेळ इथे आहे

ट्रेलवर फुल थ्रॉटल धरून राहायला मिळतं किती? वळण येतं, थ्रॉटल सुटतो, ब्रेक लागतो, गाडी वळते आणि पुन्हा अंगठा दाबला जातो. त्या क्षणी बेल्ट झपाट्याने खालच्या गुणोत्तरावर आलेला असेल तर गाडी लगेच उसळी घेते. आला नसेल तर इंजिन बसतं, आरपीएम हळूहळू वर चढतो आणि तोवर पुढचं वळण आलेलं असतं. या परतण्याला बॅकशिफ्ट म्हणतात. ट्रेलची गाडी चांगली की मठ्ठ हे त्यावर ठरतं, आणि तो सगळा कारभार मागच्या क्लचचा आहे.

सेकंडरीत दोन गोष्टी बेल्ट आवळतात. स्प्रिंग सतत आवळते, इंजिन ओढत असो वा नसो. हेलिक्स मात्र भाराप्रमाणे आवळतं: ट्रॅकवर, म्हणजे गाडी पुढे ढकलणाऱ्या रबरी पट्ट्यावर, जितका भार आणि इंजिनचा जितका जोर, तितका त्याचा उतार चकतीला दाबतो. म्हणून थ्रॉटल सोडलेल्या अवस्थेत स्प्रिंगचं राज्य, आणि पुन्हा दाबल्यावर हेलिक्सचं.

हेलिक्सचा कोन लहान केला की बेल्ट जास्त आवळला जातो, अपशिफ्ट (वरच्या गुणोत्तराकडे जाणं) संथ होतो, आरपीएम चढतो आणि बॅकशिफ्ट चपळ होतो. कोन मोठा केला की सगळं उलट: गाडी पटापट वर शिफ्ट होते, आरपीएम उतरतो, वळणातून निघताना जडपणा येतो. 44/36 असं लिहिलेलं हेलिक्स 44 अंशांवर सुरू होऊन 36 वर संपतं. मोठ्या सुरुवातीमुळे उठताना जोरदार ओढ मिळते, लहान शेवटामुळे वरच्या वेगात इंजिन बसत नाही. 40 असा एकच आकडा असेल तर उतार सरळ, स्वभाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा.

इथे एक गंमत आहे, आणि निवड करणाऱ्याने तीच नीट समजून घ्यावी. तोच 8,000 चा आकडा दोन अगदी वेगळ्या मार्गांनी गाठता येतो. हलकी वेट्स आणि मोठ्या कोनाचं हेलिक्स लावा, किंवा जड वेट्स आणि लहान कोनाचं हेलिक्स. टॅकोमीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील. पहिलीत दोन्ही बाजूंनी बेल्टवर दाब कमी; गाडी मोकळी धावते, पण भार आला की बेल्ट घसरायला बघतो आणि बॅकशिफ्ट सुस्त. दुसरीत बेल्ट दोन्हीकडून घट्ट धरलेला, वळणातून निघताना लगेच पकड. वळणावळणाच्या ट्रेलला दुसरी जोडी मानवते. नुसता आरपीएम बरोबर आला म्हणून ट्यूनिंग संपलं असं समजणारे नेमके इथे फसतात. अर्थात आवळण्यालाही मर्यादा आहे. गरजेपेक्षा जास्त दाब म्हणजे घर्षणात वाया जाणारी ताकद आणि तापलेला बेल्ट.

मग सेकंडरी स्प्रिंग की हेलिक्स? वळणात शिरताना थ्रॉटल पूर्ण सुटलेला असूनही बेल्ट वरच रेंगाळत असेल तर स्प्रिंग थोडी कडक करा. टॉर्शन स्प्रिंगच्या जुन्या सेकंडरीत तर भाग न घेता स्प्रिंगचं टोक पुढच्या भोकात अडकवूनच ताण वाढवता येतो. आधी तेच करून बघावं. उलट, थ्रॉटल दाबल्यावर भाराखाली इंजिन बसत असेल तर हेलिक्सचा कोन दोन ते चार अंशांनी कमी करा आणि चढलेला आरपीएम वेट वाढवून खाली आणा. हेलिक्स स्प्रिंगपेक्षा महाग, पण फरकही तितकाच ठळक.

गिअरिंग

चेनकेसमधले, म्हणजे सेकंडरीकडून ट्रॅककडे जोर नेणाऱ्या साखळीच्या पेटीतले, दाते बदलणं हा चौथा पर्याय, आणि तो विचार करण्याजोगा कधी होतो ते बघायची सोपी युक्ती आहे. प्रायमरीच्या चकतीवर केंद्रापासून कडेपर्यंत मार्करने रेघ ओढा आणि नेहमीच्या ट्रेलवर गाडी चालवून या. बेल्ट जिथवर चढला तिथवर शाई पुसली जाते. कडेची बरीच रेघ तशीच राहिली असेल तर क्लच कधी पूर्ण मिटतच नाही, म्हणजे गिअरिंग तुमच्या वापरासाठी उंच आहे. मग थोडं खाली आणा. सगळं गुणोत्तर वापरात येतं, बेल्टही थंड राहतो.

चाचणी आणि हवा

एका वेळी एकच बदल, तोही तापलेल्या क्लचवर आणि त्याच बर्फावर. मध्यम वेगापासून फुल थ्रॉटल देऊन काटा कुठे स्थिरावतो ते लिहून ठेवा. सकाळचा टणक ट्रेल आणि दुपारचा भुसभुशीत बर्फ यांची रीडिंग एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. जोरात एक फेरी झाल्यावर इंजिन बंद करून दोन्ही क्लचचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. जो जास्त तापलाय, बेल्ट बहुधा तिथे घसरतोय. चकत्यांवर काळी पूड दिसली तर तीच तक्रार.

उंचीचा हिशेब विसरू नका. टर्बो नसलेलं इंजिन दर 300 मीटरला साधारण 3 टक्के ताकद गमावतं, त्यामुळे सखल भागासाठी बसवलेली वेट्स 1,500 मीटरवर जड पडतात. तिथे हलकी वेट्स लागणारच. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, इंजिनला जोर येतो आणि आरपीएम थोडा वर सरकतो. ते दिसलं म्हणून लगेच क्लच उघडायची घाई नको.

प्रायमरी काढायला त्या मॉडेलचाच पुलर हवा, आणि झाकण उघडताना स्प्रिंग दाबून धरणारं अवजार. दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर चेहरा समोर असतो. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. गार्ड काढून किंवा बेल्टशिवाय इंजिन पळवू नका.

राहिलं किट

किटच्या बाजूने बोलायचं तर त्यातली वेट्स, स्प्रिंग आणि हेलिक्स एकमेकांशी जुळवून दिलेली असतात, आणि ज्याला वारंवार क्लच उघडायचा नाही त्याची सोय होते. पाइप बदललेला असेल, टर्बो बसवला असेल, ट्रॅक लांब किंवा उंच दात्यांचा टाकला असेल तर किट घेण्यात शहाणपण आहे, कारण तिथे मूळ जुळवणीचा आधारच सुटलेला असतो. पण मूळ अवस्थेतल्या, ट्रेलवर चालणाऱ्या गाडीला सहसा दोन-चार ग्रॅम आणि एक हेलिक्स पुरतं. घ्यायचंच ठरलं तर विकणाऱ्याला विचारा की हे किट कोणत्या उंचीसाठी, कोणत्या ट्रॅकसाठी आणि कोणता बेल्ट धरून बसवलंय. त्याने उत्तरात टॉप स्पीडचा आकडा सांगितला तर ते किट तुमच्या ट्रेलसाठी बनलेलं नाही.